माणिकबाईंचे कझानमधले सहा दिवस

पातूरच्या माणिकबाई निमकंडे यांनी बावन्न वर्षांच्या आयुष्यात अकोला शेकडो वेळा पाहिलं, अमरावती चार वेळा आणि सेमाडोहचं जंगल एकदा, एका लग्नाच्या निमित्तानं. त्यापुढे त्या थेट रशियात गेल्या. गेल्या वर्षीच्या जुलैमध्ये, सहा दिवसांसाठी, कझान नावाच्या जुन्या शहरात. गावात अजूनही कुणी विचारलं की त्या म्हणतात, "चांगलं हाय गाव. नदी लय मोठी हाय." आणि पुढे बोलत नाहीत.

त्यांचं घर फुलवाल्यांचं. यजमान देवीदासजी यांची पातूरच्या वेशीबाहेर साडेतीन एकर काळी जमीन आहे. त्यात झेंडू, शेवंती, बांधाला थोडी वांगी. पहाटेच्या एसटीनं फुलांच्या गोण्या घेऊन अकोल्याच्या जनता बाजारात बसायचं आणि दुपारी परतायचं, हा माणिकबाईंचा पंचवीस वर्षांचा नेम. मोठा मुलगा नितेश शेती बघतो. धाकटी दामिनी बारावी झाली आणि डॉक्टरीसाठी रशियाला गेली, तेव्हा देवीदासजींनी बसस्टँडसमोर तिच्या फोटोचा भलामोठा फ्लेक्स लावला होता. 'आमच्या गल्लीची पहिली डॉक्टर.' दोन पावसाळे तो तिथं होता. मग उतरवून आणला आणि फुलांच्या ढिगावर झाकायला घेतला. बाजारात गिऱ्हाईक फुलं मागे, तेव्हा माणिकबाई लेकीच्या हसऱ्या चेहऱ्याचं एक टोक उचलून आतून झेंडू काढून देत.

दामिनीला जाऊन चार वर्षं झाली होती. एकदाच घरी आली, पहिल्या वर्षाच्या शेवटी. पुढं दरवर्षी काही ना काही निघे. कधी परीक्षा, कधी दवाखान्यात ड्युटी. देवीदासजी म्हणत, "डाक्टरकीत असंच रायते." मग त्या वर्षीच्या उन्हाळ्यात त्यांनी नितेशला सांगून परस्पर तिकिटं काढायला लावली. दामिनीला कळवलं ते निघायच्या आठ दिवस आधी. फोनवर तिनं तारीख दोनदा विचारून घेतली. मग म्हणाली, "या. मी समदं शहर दाखवतो तुमाले. रोजचं रोज ठरवून ठेवतो."

आणि तिनं तसं ठरवून ठेवलंच. विमानतळावर ती हातात कागद घेऊन उभी होती. सहा दिवसांचा तास न् तास त्यात लिहिला होता. किल्ला, मशीद, तळं, बाजार, बोट. देवीदासजींनी कागद चष्मा लावून वाचला आणि विचारलं, "कॉलेज कुठी हाय यात?"

"कॉलेजले सुट्ट्या हायेत, बाबा. बंद हाय."

"भाईरून पाहू."

"पाहू," ती म्हणाली.

तिनं त्यांच्यासाठी सहाव्या मजल्यावरची एक खोली भाड्यानं घेतली होती. ती स्वतः दोन मुलींबरोबर दुसरीकडे राहत होती. खोलीला लोखंडी दार, त्याला आकड्यांचं कुलूप, खाली इमारतीच्या दाराला आणखी एक. "मी आल्याशिवाय भाईर पडू नका," तिनं बजावलं. "आत येता येनार नाई." माणिकबाईंनी खिडकीतून खाली पाहिलं. अंगणात झोपाळे होते, झाडं होती, आणि ओळखीचं एकही माणूस नव्हतं. फोनवर नेटही धड चालत नव्हतं. या दिवसांत इथं ते असंच मधूनमधून बंद असतं, दामिनी म्हणाली.

संध्याकाळी देवीदासजींनी बॅग उघडली आणि तळातून एक प्लास्टिकची पिशवी काढली. तिच्यात गल्लीतल्या लोकांचे रिपोर्ट होते. नत्थुजींच्या गुडघ्याचा एक्स-रे, पार्बताबाईंच्या साखरेचे कागद, कुणाच्या तरी पोटाची सोनोग्राफी. लोकांनी मोठ्या आशेनं दिले होते.

"पाय बाप्पा एकेक," ते म्हणाले. "नत्थुजी म्हने ऑपरेशन करू का नाई ते दामिनीले विचार."

दामिनीनं एक्स-रे खिडकीच्या उजेडाला धरला. बराच वेळ धरून ठेवला. माणिकबाईंना तिचा चेहरा दिसत नव्हता, फक्त काळ्या फिल्मवरची पांढरी हाडं दिसत होती.

"बाबा, असं दुरून सांगता येत नाई. पेशंट समोर पायजे. अकोल्यातच दाखवा म्हना."

देवीदासजी बायकोकडे वळून म्हणाले, "पाह्यलं का? किती जबाबदारीनं बोलते."

दुसऱ्या दिवशी ती त्यांना किल्ल्यात घेऊन गेली. पांढऱ्या भिंतींचा उंचावरचा किल्ला, आत निळ्या घुमटांची मशीद आणि तिच्यापासून जवळच निळ्याच घुमटांचं चर्च. देवीदासजी फोटो काढत पुढे पुढे चालले होते. ऊन आपल्याकडच्यासारखं भाजणारं नव्हतं, पण होतं. दामिनीनं अंगावरची ओढणी काढून पिशवीत ठेवली आणि माणिकबाईंची नजर तिच्या मानेवर गेली. मान रापलेली होती. कोपरापासून खाली हात रापलेले, मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याची गोरी रेघ. माणिकबाईंनी अशा माना आणि असे हात आयुष्यभर पाहिले होते, ते दिवसभर उघड्यावर राबणाऱ्यांचे असतात. दवाखान्यात ड्युटी करणाऱ्या पोरीचे असे होत नाहीत. त्यांनी खाली पाहिलं. चपलांचे तळवे झिजून पातळ झालेले.

तिकिटाच्या खिडकीतली बाई दामिनीला पाहून हसली आणि नाव घेऊन काहीतरी बोलली. दारावरच्या माणसानंही हात हलवला.

आत एक बाजूला कललेला विटांचा मनोरा होता. त्याच्यासमोर उभी राहून दामिनी सांगू लागली. इथं एक राणी होती. परमुलखातल्या राजानं शहर जिंकलं आणि तिला मागणी घातली. ती म्हणाली, सात दिवसांत सात मजल्यांचा मनोरा बांधून दे. त्यानं बांधला. ती वरच्या मजल्यावर गेली आणि तिथून तिनं उडी घेतली.

"खरं हाय का?" माणिकबाईंनी विचारलं.

"लोक सांगतात. खरं म्हंजे तिले आन तिच्या लेकराले इथून घेऊन गेले. ते माघारी कधी आलीच नाई."

ती कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, कुठं हात दाखवायचा हे सगळं नेमकं करत होती. माणिकबाईंना वाटलं, ही गोष्ट हिनं पहिल्यांदा सांगितलेली नाही. तेवढ्यात मागून हिंदी बोलणाऱ्या बायकांचा घोळका आला. त्यातल्या एका वयस्कर बाईनं दामिनीचा दंडच धरला. "अरे बेटा, आज तू नहीं है हमारे साथ? परसों तूने कितना अच्छा घुमाया! आज वाली लड़की तो कुछ बताती ही नहीं."

दामिनी पांढरीफटक पडली. देवीदासजी मनोऱ्याच्या पलीकडे फोटो काढत होते. त्यांनी काही ऐकलं नाही.

माणिकबाई लेकीला घेऊन बायकांच्या संडासाच्या दाराशी गेल्या. तिथं रांग होती. रांगेतच त्यांनी विचारलं, "कधीपासून?"

"दोन वर्सं होत आले." दामिनी समोरच्या बाईच्या पाठीकडे पाहत बोलत होती. "दुसऱ्या वर्षी एका विषयात तीनदा नापास झालो. मग काढून टाकलं. भाषेच्या वर्गात नाव घातलं, त्याच्यावर व्हिसा हाय. आन पावन्यांले गाव दाखवतो. आई, मले हे काम येते. चांगलं येते. पन हे घरी कसं सांगू?"

"तवाच काहून नाई सांगतलं?"

"तवाच बाबानं फ्लेक्सचा फोटो पाठवला होता. नवा छापून आनला म्हने, जुन्याचा रंग उडाला होता."

रांग पुढे सरकली.

"बाबाले नको सांगू, आई. सहाच दिवस हायेत. त्यातला एक गेला."

माणिकबाईंनी होकाराची मान हलवली. ती का हलवली, हे त्यांना पुढे कितीतरी वेळा स्वतःला विचारावं लागलं. त्या क्षणी फक्त एवढं वाटलं होतं, की परक्या देशात, कुलपाच्या खोलीत, या दोघांच्या मध्ये आपण एकट्याच आहोत. इथं घर सोडून शेजारणीकडे जाऊन बसता येत नाही. चुलीपुढे पाठ करून रडता येत नाही. तीन माणसं एका खोलीत, एका टेबलावर, एका बसच्या बाकावर.

तिसऱ्या दिवशी देवीदासजींनी कॉलेजचा हट्ट धरलाच. दामिनी त्यांना एका लांबलचक पांढऱ्या इमारतीसमोर घेऊन गेली. उंच खांब, रुंद पायऱ्या. देवीदासजींनी पायऱ्यांपाशी चपला काढल्या. दामिनी म्हणाली, "बाबा, इथं नाई काढत." ते ऐकेनात. वाकून पायरीला हात लावून त्यांनी कपाळाला लावला. येणारे-जाणारे थांबून बघू लागले.

"उभी राय इथं," ते लेकीला म्हणाले. "पांढरा कोट काहून नाई आनला?"

"धुवाले टाकला."

"आता ते खांबाजवळ जाय. हास थोडी. माणिक, तू बी जाय तिच्याजवळ."

माणिकबाई जाऊन उभ्या राहिल्या. फोनच्या मागून नवरा ओरडत होता, "हासा नं दोघी!" दामिनीचा हात त्यांच्या हाताला लागला. तो फोटो देवीदासजींनी नेट येताच गल्लीच्या ग्रुपवर टाकला. त्याला रात्रीपर्यंत ऐंशी-नव्वद लोकांनी हात जोडले होते. ते एकेक नाव वाचून दाखवत होते आणि माणिकबाई भाकरीच्या पिठाऐवजी मिळालेल्या मैद्याच्या पोळ्या लाटत होत्या. एकही धड गोल झाली नाही.

चौथ्या दिवशी बोट होती. कझानपासून दोनेक तासांवर व्होल्गा नदीत एक बेट आहे, त्याच्यावर जुनं गाव, लाकडाचं चर्च. शंभरेक माणसं बोटीत होती. एका बाजूचा काठ दिसत होता, दुसरा नुसता निळसर पट्टा. देवीदासजींनी आयुष्यात एवढं पाणी पाहिलं नव्हतं. "आपल्या मोर्णा नदीच्या अशा शंभर होतीन," ते म्हणाले.

तासभर झाला असेल. ते बोलता बोलता गप्प झाले. डावा हात उजव्या हातानं चोळू लागले. कपाळावर घाम आला.

"काय होते?" माणिकबाईंनी विचारलं.

"गॅस झाला. सकाळी ते अंडं खाल्लं नं."

पण त्यांचा रंग उतरत होता. शर्टाची दोन बटणं त्यांनी स्वतःच काढली. दामिनी धावत जाऊन बोटीवरच्या माणसाला बोलावून आली. त्यानं वायरलेसवर काहीतरी सांगितलं. पुढच्या धक्क्यावर अॅम्ब्युलन्स येईल, तिथपर्यंत चाळीस मिनिटं. समोरच्या बाकावरची एक जाडजूड रशियन बाई उठून आली. ती नर्स होती. तिनं त्यांना मागे रेलून बसवलं, पर्समधून छोटी कुपी काढली आणि एक बारीकशी गोळी त्यांच्या ओठांपाशी धरली. जिभेखाली ठेवायची, असं ती खुणेनं सांगत होती.

देवीदासजींनी तोंड घट्ट मिटलं. मान वळवली.

"घ्या नं," माणिकबाई म्हणाल्या.

"हे कोन हाय? काय देऊन राह्यली? माही डाक्टर हाय न इथं." त्यांनी दामिनीकडे पाहिलं. ओठ काळे पडत चालले होते, तरी त्या नजरेत एवढा विश्वास होता की माणिकबाईंना ते पाहवेना. "दामू, तू नाडी पाय. तू सांगशीन तसं करतो."

दामिनीनं मनगट धरलं. सगळी बोट त्यांच्याभोवती गोळा झाली होती. ती मनगट धरून बसली आणि तिचे ओठ आकडे मोजल्यासारखे हलत होते, पण माणिकबाईंना दिसत होतं की ती काहीच मोजत नाही.

"गोळी घ्या, बाबा."

"काहून? तुले काय वाटते? हार्टचं हाय का?"

"मले नाई समजत."

"असं कसं नाई समजत? चार वर्सं..."

"बाबा, मी डाक्टर नाई." ती जोरात बोलली. आसपास मराठी कळणारं कुणी नव्हतं, तरी सगळे दचकले. "होनार बी नाई. दोन वर्सं झाले मले कॉलेजातून काढलं. मी लोकायले हे गाव फिरवून दाखवतो. ह्या बाईले समजते, मले नाई समजत. तिचं आयका!"

देवीदासजींनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. नर्सनं तेवढ्यात गोळी जिभेखाली सारली आणि हनुवटी दाबून धरली.

धक्का यायला चाळीस मिनिटं लागली. नदी संपत नव्हती. माणिकबाई नवऱ्याचे तळपाय चोळत होत्या. दामिनी अजून ते मनगट धरून होती आणि तो हात त्यांनी सोडवून घेतला नाही, किंवा तेवढी ताकद त्यांच्यात नसावी.

हृदयाचाच झटका होता. वेळेवर नेलं म्हणून वाचले. उरलेले दोन दिवस आणि मागाहून वाढवलेले नऊ दिवस कझानच्या एका दवाखान्यात गेले. उंच, पांढऱ्या केसांची डॉक्टरीण रोज सकाळी येई. ती बोले ते दामिनी मराठीत सांगे, आणि देवीदासजी लेकीकडे न बघता बायकोला म्हणत, "तिले इचार, पायऱ्या चढू का?" दामिनी अर्ध्या हातावर उभी असे. माणिकबाई तिच्याकडे वळून तोच प्रश्न पुन्हा विचारत. दामिनी तो रशियनमध्ये विचारे. उत्तर त्याच वाटेनं परत येई. असे अकरा दिवस.

शेवटच्या दिवशी डॉक्टरीण दामिनीच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी म्हणाली. माणिकबाईंनी विचारलं, काय म्हणते?

"म्हनते, माह्यासारखं भाषांतर तिनं पाह्यलं नाई."

देवीदासजी खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी पहिल्यांदाच थेट लेकीशी बोलायला तोंड उघडलं. "गावात कोनाले काई सांगाचं नाई."

"बाबा, मी घरी येऊ का?"

"कशी येशीन? आन लोकायले मी काय सांगू?"

बॅगा दामिनीनंच भरल्या, विमानतळावर चाकांची खुर्ची मागवली, कागदपत्रं दाखवली आणि काचेच्या पलीकडे उभी राहिली. माणिकबाईंना तिथून ओरडून काही सांगता आलं असतं असं नाही. काच जाड होती.

पातूरला लोक भेटायला आले. देवीदासजींनी खाटेवर बसून सांगितलं, की बोटीवर पोरीनं स्वतः नाडी पाहिली, गोळी दिली, म्हणून मी आज तुमच्यापुढं आहे. "शेवटचं एक-दीड वर्स राह्यलं." माणिकबाई चहाचे कप घेऊन दारात उभ्या होत्या. कप तिथंच ठेवून त्या आत गेल्या. पुढं कुणी आलं की त्या शेतात निघून जात. शेवंतीची रोपं खुरपायची नसली तरी खुरपत बसत.

ऑगस्टमध्ये मागच्या गल्लीतले डोमाजी आले. त्यांची पौर्णिमा बारावी झाली होती, इथं सरकारी कॉलेजात नंबर लागत नव्हता. "देवीदासभाऊ, तुमी सांगा. पाठवू का कझानले? तुमची दामिनी हायेच तिथं."

"पाठवा," देवीदासजी म्हणाले. "काई भेव नाई."

माणिकबाईंना त्या दिवशी जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या डोमाजींच्या घरी गेल्या. पौर्णिमाची आई वर्षाली भाजी चिरत होती. माणिकबाईंनी तिच्याशेजारी बसून सगळं सांगितलं. तीनदा नापास झाल्याचं, भाषेच्या वर्गाचं, राणीच्या मनोऱ्याचं, बोटीचं. मधे कुठं थांबल्या नाहीत, कारण थांबलो तर पुन्हा सुरू करता येणार नाही हे त्यांना ठाऊक होतं.

"पोरीले पाठव का नको पाठव, ते तुमचं तुमी पाहा," शेवटी त्या म्हणाल्या. "पन आमच्या पोरीकडे पाहून नको पाठवू."

वर्षालीनं हात पुसले. तिच्या चेहऱ्यावर आधी घाबरल्यासारखं काहीतरी आलं, मग ते गेलं.

"माणिकबाई, एक इचारू? आमची पोरगी डाक्टर झाली त तुमाले काय होते?"

"काय म्हनतं, वं?"

"तुमच्या घरचे म्हनतात एक वर्स राह्यलं. तुमी म्हनता काढून टाकलं. तिनं त बापाचा जीव वाचवला, समद्या गावाले माहीत हाय. स्वतःच्या लेकीबद्दल असं कोन सांगते?"

संध्याकाळपर्यंत ते देवीदासजींच्या कानावर गेलं. ते बायकोला काहीच बोलले नाहीत. डोमाजींच्या ओट्यावर जाऊन चारचौघांत म्हणाले, "मी बीमार पडलो तवापासून तिचं मन ठिकाण्यावर नाई. धसका घेतला तिनं. मनावर नका घेऊ." लोकांना ते पटलं. बाजारातल्या बायका माणिकबाईंशी हळू आवाजात, समजुतीनं बोलू लागल्या. कुणी अंगारा आणून दिला. खरं बोलायला त्यांनी एकदाच तोंड उघडलं होतं, आता त्या काय बोलल्या तरी लोक एकमेकांकडे बघत. घरात नवरा-बायकोचं बोलणं गोळ्यांच्या वेळेपुरतं राहिलं. सकाळची एक, रात्रीच्या दोन.

पौर्णिमा ऑक्टोबरमध्ये गेली. बसस्टँडसमोर तिचाही फ्लेक्स लागला.

त्यानंतर चार दिवसांनी माणिकबाई बाजारातून येताना एसटीत होत्या. फोन वाजला. दामिनी होती.

"आई, पौर्णिमा पोचली. मीच घ्याले गेलो होतो विमानतळावर. तिच्या बाबानं तिले माहा नंबर देल्ला होता."

"कशी हाय पोरगी?"

"घाबरेल हाय. मले म्हने, ताई, तुमी कोनत्या वर्षाले? आई, म्या अजून सांगतलं नाई. काय सांगू तिले?"

बाजूच्या बाकावर ओळखीची बाई बसली होती. कान देऊन ऐकत होती. माणिकबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि आवाज मुळीच खाली केला नाही.

"समदं सांग," त्या म्हणाल्या. "आजच सांग. आन तिले म्हन, काई समजलं नाई, जमलं नाई, त पयल्या दिवशी घरी फोन कर. घरचे नाई उचलत असतीन त मले कर."

"बाबा काय म्हनतीन?"

"मले नाई माहीत. तू जेवली का?"

दामिनी जेवली नव्हती. काय रांधलं आहे ते ती सांगू लागली. शेजारच्या बाईनं मान खिडकीकडे वळवली. माणिकबाई फोन कानाशी धरून ऐकत राहिल्या आणि गाडी चिखलगाव मागे टाकून पातूरच्या रस्त्यानं चालत राहिली.